आवाजातला जीव

आषाढात कोयनानगरला चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, पखवाजाची पुडी ओल धरते आणि आवाज बसतो. अशाच एका संध्याकाळी मी पुडी शेगडीवर शेकत होतो. पुण्याहून आलेल्या भाचीने फोन माझ्या कानाशी धरला. म्हणाली, "मामा, ठेक्याच्या माणसाने हे ऐकायलाच पाहिजे."

गाणाऱ्या बाई मुंबईच्या, आशा पुथली. १९७३ साली सीबीएस कंपनीने काढलेला हा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम, त्यांच्याच नावाचा. निर्माता डेल न्यूमन. याला फंक म्हणतात, याला सोल, असं भाची सांगत गेली.

फंक मला तिथल्या तिथे कळलं. तो समेचा खेळ आहे. फंक गाणारा जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावायचा. मधे हवं ते वाजवा, तिथे मात्र सगळे एकत्र या. आमचे टाळकरी दुसरं काय करतात? माझा हात कधी मांडीवर पडू लागला, मलाच समजलं नाही.

अडलो तो सोल या शब्दाशी. सोल म्हणजे आत्मा, हे शाळेत पाठ केलेलं. आणि आत्मा कसा असतो, हे घरोघरच्या दहाव्या-तेराव्याला गीतेचा दुसरा अध्याय ऐकत शिकलेलं. तो जन्मत नाही, शस्त्राने तुटत नाही, पाण्याने भिजत नाही. मग या गाण्यात आहे ते काय? जॉर्ज हॅरिसनचं 'आय डिग लव्ह' या बाई गातात तेव्हा सुराच्या आधी श्वास ऐकू येतो. ओठ माइकला टेकलेत की काय, इतक्या जवळून. आर्जव आहे, ओढ आहे, ऊब आहे. सगळं देहाचं. याला आत्म्याचं गाणं का म्हणावं?

त्या रात्री मला झोप आली नाही. भाचीला विचारत राहिलो, तीही शोधून सांगत राहिली. हे संगीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून बाहेर पडलं. १९५४ मध्ये रे चार्ल्सने देवाच्या गाण्याच्या चालीवर बाईच्या प्रेमाचं गाणं बांधलं, आणि देवभोळ्या माणसांना ते फार लागलं. अरीथा फ्रँकलिन डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. चर्चमध्ये गाता गाता मोठी झाली, पुढे प्रेमाची गाणी गायली, आणि १९७२ मध्ये परत चर्चमध्ये उभी राहून देवाची गायली. आवाज तोच. अरीथाला कोलंबिया कंपनीत आणणारे जॉन हॅमंड, आणि आशाबाईंना जॅझवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बमपर्यंत पोचवणारेही तेच. त्यांच्या कानाला दोघींत काय सापडलं असेल, याचा मी विचार करत होतो, आणि मला माझ्या आईला ऐकवलेलं एक वाक्य आठवलं.

आई एका भजनी मंडळात गायची. गौळण म्हणताना तिचे डोळे भरायचे, मान डोलायची, खांदे हलायचे. एकदा मंडळातल्या एका जाणत्या माणसाने तिला सर्वांसमोर सांगितलं, "आवाजात फार जीव घालता तुम्ही. देवापुढे आवाज निर्मळ हवा." आई त्यानंतर मागच्या रांगेत बसू लागली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. काही बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण शब्द त्या माणसाने अगदी नेमका वापरला. जीव. सोलला आपल्याकडे हा शब्द आहे, आणि मी उगाच आत्म्यापाशी अडून बसलो होतो. आत्म्याला काही होत नाही. जीव तुटतो, लागतो, रमतो, टांगणीला लागतो, मुठीत धरावा लागतो. आपण जीव ओतून गातो. आत्मा ओतून कोणी गायल्याचं मी ऐकलेलं नाही.

वेदान्ती म्हणेल, हा जीवपणाच तर जायला हवा, तोच बंध आहे. त्या विचाराचा मी आदर करतो. तरीही तुकोबांनी मोक्ष नाकारून पुन्हा गर्भवास मागितला, याचा अर्थ मला पखवाजावर बसल्यावर लागतो. सुटून गेलेल्याला नाम घ्यायला कंठ कुठला? जनाबाईचा देव दळू लागतो तो घाम गाळणाऱ्या बाईच्या जात्यावर. ज्या आवाजात ओढ नाही, तो देवाला काय सांगणार आहे? माझ्यापुरतं मी ठरवलंय: गाणं देवाचं की माणसाचं, हे कोणाचं नाव घेतलं यावरून ठरत नाही. गाणारीने आपल्यातलं किती पुढे ठेवलं, यावरून ठरतं. आशाबाईंनी त्या पहिल्या अल्बमात काही राखून ठेवलेलं नाही.

भाचीने विचारलं, आजी कशी गायची? तिने आजीला पाहिलेलं नाही. मी तिला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली. साडेचारला अजून थोडा वेळ होता. मी सात वर्षांचा. घराची भिंत बाहेर पडली, म्हणून आम्ही वाचलो. कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, त्यात आमच्या ओळखीतली होती. उघड्या मैदानात, थंडीत, एका वाकळीखाली आम्ही तिघं भावंडं, आणि आई गात होती. टाळ नाही, ठेका नाही. काय गात होती ते मला आठवत नाही. ओवी असेल, अंगाई असेल. मधेच जमीन पुन्हा हलायची. आई थांबायची. तिची छाती माझ्या कानाखाली वर यायची, तशीच धरलेली राहायची. हलणं थांबलं की श्वास सुटायचा, आणि ती सोडलेल्या जागेवरूनच पुढे गायला लागायची.