थीब्जची रोगराई आणि विटाळाचा प्रश्न

सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’चा आरंभ राजाच्या दुःखाने नव्हे, तर नगराच्या व्याधीने होतो. पीक करपले आहे, गुरे मरत आहेत, स्त्रियांच्या पोटी मृत अपत्ये येत आहेत. होमरच्या ‘ओडिसी’त ईडिपसची कथा थोडक्यात येते, तीत ही रोगराई नाही. इ. स. पूर्व ४३० मधील अथेन्सच्या साथीची स्मृती तिच्यामागे असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नाटकाचे वर्ष निश्चित नसल्याने या तर्कावर फार भार देता येत नाही.

डेल्फीहून आलेली देववाणी रोगाचे निदान करीत नाही, विटाळाचे करते. ग्रीक ‘मिआस्मा’ला ‘प्रदूषण’ हा प्रतिशब्द कोरडा वाटतो. ‘विटाळ’ अधिक जवळचा. कारण स्पर्शाने पसरणे, शुद्धीची मागणी आणि कोणाला तरी वेशीबाहेर ठेवण्याची सोय हे सारे त्यात आहे. नगर आजारी आहे म्हणजे नगरात कोणी तरी अपवित्र आहे, ही या विचाराची नैतिक पकड. रने जिरार यांनी येथे बळीचा बकरा पाहिला. ते खरे मानले, तरी हा बळी स्वतःच शोधकर्ता आहे आणि योकास्टा विनवीत असतानाही तो थांबत नाही, याचा उलगडा होत नाही.

१८९७ च्या पुण्यात शोध घेणारा शोधाच्या कक्षेबाहेर होता. रँडच्या प्लेग समितीने सैनिक घराघरांत शिरवले. आजाऱ्यांना रुग्णालयात आणि त्यांच्या आप्तांना विलगीकरण छावणीत नेले. विटाळ नेटिवांच्या माजघरात आहे, हे गृहीतच होते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तिचा राजकीय अर्थ मोठा आहे. पण प्लेग त्यानंतरही कित्येक वर्षे पुण्यात परतत राहिला.

त्याच साथीत मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. रोगाचा विटाळ आणि जातीचा विटाळ एकाच देहात एकवटलेले असताना त्यांनी तो देह उचलला. थ्यूसिडिडीझनेही नोंदवले आहे की, अथेन्सच्या साथीत आप्तांना टाकून राहण्याची ज्यांना लाज वाटली, तेच अधिक मेले. साथ कशाने आली, याची चर्चा मात्र तो इतरांवर सोपवतो.

मराठी वाचकाने या दृष्टीने नाटकाचा शेवट पुन्हा वाचावा. आंधळा ईडिपस वृंदाला जवळ बोलावतो, आपल्याला हात लावा, भिऊ नका, असे विनवतो. आपली दुःखे पेलणारा आपल्यावाचून दुसरा कोणी नाही, असे तो सांगतो. ज्याने विटाळ हुडकण्याची द्वाही फिरवली, तोच विटाळाच्या संसर्गाची कल्पना नाकारतो. वृंद काय करतो, हे संहिता सांगत नाही. तो निर्णय दिग्दर्शकाचा. तेवढ्यात क्रेऑन येतो आणि हा विटाळ सूर्यासमोर उघडा ठेवू नका, घरात न्या, असे फर्मावतो. हद्दपारीचा निर्णयही तो लगेच घेत नाही, पुन्हा देववाणी विचारू म्हणतो. मुलींना मात्र ईडिपस कुरवाळतो. रोगराई ओसरली की नाही, याविषयी नाटकाच्या उत्तरार्धात एक अक्षरही नाही.