चेंज, बदल आणि परिणाम

'चेंज' हे इंग्रजी क्रियापद आपल्या बोलण्यात इतके रुळले आहे की त्याचे कूळ विचारावे असे सहसा कोणास वाटत नाही. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत आला, त्यातून तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द तेथे स्थिरावला. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधील 'कांबिआरे' आहे. अर्थ, एक वस्तू देऊन दुसरी घेणे. 'एक्स्चेंज' हा त्याचाच भाऊबंद. आणि आपण जिला मोड म्हणतो तीही इंग्रजीत 'चेंज'च.

नवल असे की, आपला 'बदल'ही व्यवहारातूनच आलेला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एकाच्या जागी दिलेले दुसरे. 'मोबदला', 'अदलाबदल', 'बदली' हा सारा त्याचाच गोतावळा. एकमेकींशी काही नाते नसलेल्या दोन भाषांनी एकच गोष्ट नोंदवून ठेवली आहे : बदल म्हणजे सौदा, काही आले, तर काही गेलेही.

मात्र संस्कृतने आपल्याला आणखी एक शब्द दिला आहे, 'परिणाम'. सांख्यांच्या मते दुधाचे दही होते तो परिणाम. तेथे मूळ द्रव्यच रूपांतर पावते. देणारा-घेणारा असा कोणी नसतो. मूल मोठे होते, कैरी पिकते, त्याचा हिशेब कोणाकडे मागावयाचा?

नैतिक प्रश्न उभा राहतो तो या दोहोंची गल्लत झाली म्हणजे. आपल्या जुन्या मराठी घरांतून नातवंडांची मराठी गेली, की आपण निःश्वास टाकून म्हणतो, 'काळाचा परिणाम!' वस्तुतः तो परिणाम नव्हे, बदल आहे. शाळा, नोकरी, शेजार यांच्या सोयीसाठी आपण एक भाषा घेतली व दुसरी दिली. सौदा वाईटच होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यावर घरे उभी राहिली. परंतु तो आपण केला, आणि किंमत भरली ती ज्यांना कोणी विचारले नाही त्या मुलांनी.

उघड्या डोळ्यांनी केलेला बदल कसा असतो, हे वडोदऱ्यात दिसते. महाराज सयाजीराव गायकवाड मराठी भाषक; पण प्रजेची भाषा म्हणून त्यांनी राज्यकारभारात गुजरातीला मान दिला. तरीही १९३१ मध्ये सिद्ध झालेल्या 'सयाजी शासन कल्पतरु' या आठ भाषांच्या शासनशब्दकोशात मराठीची जागा राखलेली आहे.

शासकीय सेवेत बदली झाली की आम्ही कार्यभार सोपवीत असू. किल्ल्या, शिल्लक रोकड, प्रलंबित प्रकरणे, सर्वांची यादी होई आणि देणारा व घेणारा दोघेही सही करीत. त्यात उणीव असेल तर तीही लिहिली जाई. सरकारी कपाटासाठी पाळलेली ही रीत घरातील भाषेसाठी, सणासाठी, नात्यांतील संबोधनांसाठी का पाळू नये? जे द्यावे लागले ते द्यावे. पण काय दिले, हे घेणाऱ्या पिढीस सांगावे. यादी हाती असली, तर त्यातले एखादे नातवंड काही परत मागून तरी घेईल.