साक्षी, सर्व्हर आणि हजेरीपट

पाहणे ही क्रिया आहे की नाही, हा भारतीय तत्त्वचिंतनातील जुना वादविषय आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाला साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता असे एकाच ठिकाणी म्हटले आहे; म्हणजे जो पाहतो तो काही करत नाही, आणि जी सर्व काही करते ती प्रकृती स्वतःला पाहू शकत नाही, अशी तेथे विभागणी आहे. अद्वैत वेदान्ताने सांख्यांचे अनेक पुरुष नाकारले, पण साक्षीची कल्पना मात्र जपली आणि अधिक सूक्ष्म केली. हा वाद पोथ्यांबाहेर पडून सरकारी कारभारात शिरेल असे कोणत्याही भाष्यकाराला वाटले नसेल. परंतु गावातील मजुराची हजेरी, त्याच्या कामाचे माप आणि त्याची मजुरी ही तिन्ही एका दूरच्या संगणकाने पाहिल्यावाचून सिद्ध होईनाशी झाली, तेव्हापासून पाहण्याचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न व्यवहाराचाही झाला आहे. परभणी जिल्ह्याला धरून तो विचारणे दोन कारणांनी उचित ठरते. हा जिल्हा रोजगार हमी जेथे रुजली त्या मराठवाड्यातला आहे. आणि कष्टकऱ्याकडे पाहणारा देव नेमका कसा असतो, याविषयी ज्या स्त्रीने मराठीत सर्वांत धीट विचार केला, त्या संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या गंगाखेडचे नाव घेते, ते गोदाकाठचे गाव याच जिल्ह्यात आहे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामांवर गेली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. त्या जुन्या व्यवस्थेत दोन कागद निर्णायक असत. एक हजेरीपट, ज्याला कामावर सगळे मस्टर म्हणतात, आणि दुसरी मापन पुस्तिका, जिच्यात अभियंता खोदलेल्या मातीची लांबी, रुंदी व खोली नोंदवतो. खोट्या नावांचे मस्टर ही त्या व्यवस्थेची कुप्रसिद्ध व्याधी होती, आणि पुढे आलेल्या संगणकीय देखरेखीचे समर्थन त्या व्याधीवरच उभे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आज प्रत्येक विहिरीला, शेततळ्याला आणि पाणंद रस्त्याला स्वतंत्र सांकेतांक असतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-मस्टर, मोजमाप आणि निधी हस्तांतरण हे सर्व टप्पे एका केंद्रीय प्रणालीत क्रमाने नोंदले जातात, आणि मागचा टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही.

मोठ्या उद्योगसमूहांत प्रकल्प-व्यवस्थापनाचा सर्व्हर जे काम करतो, तेच हे काम आहे. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी स्वीकारून त्यांना उत्तरे देणारा मध्यवर्ती संगणक. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सर्व्हरसारख्या प्रणालीत हजारो कामांची वेळापत्रके, त्यांचे परस्परावलंबन, माणसे आणि खर्च एकत्र ठेवलेले असतात. एका कामाची तारीख हलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व तारखा पुन्हा काढाव्या लागतात, आणि अशी जड कामे एका रांगेत लावून क्रमाने उरकली जातात. अशा सर्व्हरची प्रकृती रांगेवरून ओळखावी लागते. रांगांचे गणित कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ पासून मांडले, आणि त्याच्या परंपरेतील सर्वांत साधे सूत्र सांगते की मागण्या अनियमितपणे येत असतील आणि त्यांना उत्तर देणारे यंत्र एकच असेल, तर ते ५० टक्के व्यग्र असताना प्रत्येक कामाला सरासरीने मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. यंत्र दहा टक्के रिकामे दिसले म्हणजे अजून वाव आहे, असे समजणाऱ्या प्रशासकाची येथे फसगत होते. निम्मा वेळ रिकामे राहणारे यंत्र लेखापरीक्षकाला उधळपट्टी वाटते. शेवटच्या दिवशी सेतू केंद्रावर ताटकळणाऱ्या शेतकऱ्यासाठी मात्र तोच रिकामेपणा खरी सेवा असतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा मिळू लागला, अर्जांची गर्दी उसळली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली, त्यामागचे अंकगणित याहून निराळे नाही.

सरासरी हीदेखील असाच चकवा देते. शंभर मागण्यांपैकी नव्याण्णव मागण्यांना एक सेकंद आणि एकीला शंभर सेकंद लागले, तर सरासरी दोन सेकंदांच्या आत राहते आणि अहवाल निर्दोष दिसतो. जिचा वेळ वाया गेला ती एक मागणी अहवालात कोठेही नसते. म्हणून जाणते तंत्रज्ञ सरासरी बाजूला ठेवून सर्वांत मंद पाच किंवा एक टक्का मागण्यांचे काय झाले ते तपासतात. नीतिशास्त्राच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही, कारण रांगेतल्या शेवटच्या माणसाचा अनुभव हेच व्यवस्थेचे माप धरावे, असा निर्णय तिच्यात दडलेला आहे.

आता मूळ प्रश्न, पाहणे ही क्रिया आहे की नाही. अद्वैती विद्यारण्यांनी पंचदशीच्या नाटकदीप प्रकरणात साक्षीला रंगशाळेतील दिव्याची उपमा दिली आहे: तो यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांना सारखाच उजळतो आणि सर्व निघून गेले तरी तसाच तेवतो. त्याच्या प्रकाशाने नर्तकीच्या पायांवर कोणताही भार पडत नाही. संगणकाच्या देखरेखीचा आदर्श असाच असावा, अशी सर्वांची इच्छा असते. परंतु तो गाठता येत नाही. सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रत्येक कार्यक्रम त्याच सर्व्हरची स्मृती आणि गणनशक्ती वापरतो, नोंदींसाठी त्याच साठ्यात जागा अडवतो, आणि नजर जितकी बारीक करावी तितके मूळ काम मंदावते. दर पाच मिनिटांनी पाहिले तर मधल्या मिनिटाची गर्दी निसटते. दर सेकंदाला पाहिले तर पाहण्याचीच गर्दी होते. याचा तात्त्विक निष्कर्ष असा की यंत्रातला पाहणारा नेहमी प्रकृतीच्या बाजूचाच असतो. वेदान्ताचा साक्षी संगणकात शोधणे हा वर्गाचा प्रमाद आहे; अलीकडे अध्यात्म आणि संगणक यांची सोयरीक जुळवणाऱ्या लेखनात तो पुष्कळदा दिसतो.

पाहणारा कर्ता ठरला की त्याच्यावर नजर कोणी ठेवायची, हा प्रश्न उद्भवतो आणि अनवस्था येते. अनवस्था म्हणजे कोठेही न थांबणारी कारणांची माळ. न्यायदर्शनाच्या अनुयायांपुढे, म्हणजे नैयायिकांपुढे, हीच अडचण होती. त्यांच्या मते ‘हा घट आहे’ हे पहिले ज्ञान, ज्याला ते व्यवसाय म्हणतात, ‘मला घटाचे ज्ञान झाले’ अशा दुसऱ्या ज्ञानाने, म्हणजे अनुव्यवसायाने, कळते. मग अनुव्यवसाय कशाने कळतो? त्यांचे उत्तर विलक्षण व्यवहारी आहे: तो कळलाच पाहिजे असे नाही. पहिले ज्ञान स्वतः कोणी न जाणताही आपले काम करते, आणि त्याला जाणण्याची इच्छा किंवा गरज उत्पन्न झाली तरच दुसरे ज्ञान निपजते. प्रशासनाने हा धडा घेतलेला नाही. रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलमधून दिवसातून दोनदा मजुरांचे स्थाननिर्देशित छायाचित्र पाठवण्याची पद्धत मे २०२१ मध्ये आली आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीची झाली. पुढे छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवले जाते, असंबद्ध चित्रे चढवली जातात, असे आढळल्यावर केंद्रीय मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये ग्रामपंचायत पातळीवर सर्व छायाचित्रे आणि वरच्या पातळ्यांवर उतरत्या प्रमाणात नमुने माणसांनी तपासावेत, असा आदेश काढला. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुन्हा माणूस. अनवस्थेचे याहून चोख उदाहरण तर्कग्रंथांतही सापडणार नाही.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. अद्वैताच्या एका टोकाला दृष्टिसृष्टिवाद नावाचे मत आहे. प्रकाशानंदांच्या वेदान्तसिद्धान्तमुक्तावलीत त्याची मांडणी आढळते. पाहणे आणि असणे एकाच वेळी घडते, न पाहिलेल्या वस्तूला स्वतंत्र अस्तित्व नाही, असे हे मत आहे. युरोपात बर्कलीने १७१० मध्ये याच्या जवळ जाणारा विचार मांडला. त्याच्या उलट सृष्टिदृष्टिवाद आधी वस्तू आणि मग तिचे दर्शन मानतो. मजूर सृष्टिदृष्टिवादी असतो, कारण खड्डा त्याने खोदलेला असतो आणि तो तेथे असतो. केंद्रीय सर्व्हर मात्र नकळत दृष्टिसृष्टिवादी झाला आहे: छायाचित्र चढले नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर दिवस नाही, आणि दिवस नाही तर खड्डाही नाही. रेंज तुटक असलेल्या शिवारात किंवा सर्व्हर मंदावलेल्या दुपारी झालेले कष्ट अशा रीतीने जगातूनच नाहीसे होतात. २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर देशभरातील मजुरांनी दीर्घ धरणे धरले, त्यातील एक मुख्य तक्रार हीच होती. एखाद्या संन्याशाने जग मिथ्या मानणे आणि शासनाने मजुराचा दिवस मिथ्या मानणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने स्वतःचा त्याग केलेला असतो, दुसऱ्यात त्याग दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

क्षमता वाढवणे हा यावरचा तांत्रिक उपाय. एकच यंत्र अधिक बलवान करावे किंवा यंत्रांची संख्या वाढवून काम वाटावे, असे त्याचे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गाची सीमा जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवली: कामाचा दहा टक्के भाग जर एकामागून एकच करावा लागणारा असेल, तर कितीही यंत्रे जोडली तरी वेग दहापटीच्या पुढे जात नाही. प्रकल्पांच्या कारभारात हा न वाटता येणारा भाग बहुधा यंत्रात नसतोच; तो तुटपुंज्या मानधनावर अनेक कामे सांभाळणाऱ्या ग्रामरोजगार सेवकाच्या आणि मापन पुस्तिकेवर सही करणाऱ्या एकुलत्या अभियंत्याच्या ठिकाणी असतो. सर्व्हर दुप्पट केले आणि ही माणसे तेवढीच ठेवली, तर रांग फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकते.

येथे जनाबाईची परंपरा सांख्यांपेक्षा आणि विद्यारण्यांपेक्षाही उपयोगी पडते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या स्त्रीच्या नावावर जी रचना आणि ज्या कथा चालत आल्या आहेत, त्यांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो. तिचे कष्ट पाहून तो निर्विकार राहत नाही. पाहिल्याबरोबर हात लावतो. वारकरी विचारातील हे धाडस केवळ भक्तीचे नसून तत्त्वज्ञानाचेही आहे, कारण अकर्त्या साक्षीची कल्पना तेथे मोडली आहे. या धाडसाला गीतेचा आधारही आहे: नवव्या अध्यायात परमेश्वर स्वतःला साक्षी म्हणवतो, तसाच भर्ता, म्हणजे भार वाहणारा, असेही म्हणवतो. साक्षी यंत्रात असंभव आहे; भर्ता मात्र शक्य आहे. रांग वाढलेली दिसताच आपोआप जादा यंत्रे कामाला जुंपणारी आणि गर्दी ओसरताच ती मोकळी करणारी व्यवस्था आज तंत्रज्ञांच्या नित्य वापरात आहे, आणि तिच्यात पाहणे हे मदतीला जाण्याचे पहिले पाऊल असते. मदतीचा अधिकार नसलेली देखरेख ही पाहिल्या जाणाऱ्यावर लादलेली वेठ आहे.

यावरून काही व्यावहारिक निर्णय निघतात. प्रामाण्याविषयी, म्हणजे ज्ञान खरे कशाने ठरते याविषयी, मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद प्रसिद्ध आहे. मीमांसक कुमारिलांच्या परंपरेत ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुरावा पुढे येईपर्यंत ते खरे धरले जाते. न्यायमतात ज्ञानाची सत्यता बाहेरून, मुख्यतः त्यावर आधारलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून ठरते. दोन्ही नियम एकाच कारभाराला लागतात, पण वेगवेगळ्या जागी. मजुरीला मीमांसकांचा नियम लावावा: मेटने, म्हणजे कामावरच्या मुकादमाने, भरलेला आणि मजुरांनी अंगठा उठवलेला कागदी हजेरीपट बाधक पुरावा मिळेपर्यंत प्रमाण मानावा, आणि सर्व्हर बंद असल्याची वेळ प्रणालीने स्वतः नोंदवून तेवढी मुदत अर्जाविना वाढवावी. बांधलेल्या कामाला नैयायिकांचा नियम लावावा: शेततळे प्रमाण आहे की नाही, ते छायाचित्रांच्या संख्येवरून न ठरवता पावसाळ्यानंतर त्यात पाणी साठले का, हे जाऊन पाहावे. पहिल्या नियमाने सर्व्हरवरचा मोठा भार आपोआप उतरतो, कारण रोज दोनदा येणाऱ्या लक्षावधी चित्रांची गरज राहत नाही. दुसऱ्याने भ्रष्टाचार जेथे खरोखर पकडता येतो तेथे पकडता येतो. सध्याचा कारभार नेमका उलट चालतो, मजुराच्या हजेरीवर अखंड संशय आणि बांधलेल्या कामावर सैल नजर. सर्व्हर मंद होता म्हणून एखाद्याच्या दिवसाची मजुरी बुडावी, याला या दर्शनांपैकी कोणत्याही दर्शनात आधार नाही.