कोरा रकाना आणि अनुपलब्धी

सर्वेक्षणात एखाद्याने प्रश्नाचे उत्तर दिले नाही, तर त्या मौनातून काय कळते? दिसले नाही म्हणून नाही असे ठरवता येते का, यावर भारतीय दर्शनांत फार बारकाईने वाद झाला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घटाचा अभाव कळतो. मीमांसेच्याच प्राभाकर शाखेला हे मान्य नव्हते. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानात बसवले, पण एक अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. घट असता तर दिसला असता; पिशाचाबद्दल तसे म्हणता येत नाही.

पाहणीला हीच अट लावायला हवी. घरच्यांसमोर मारहाणीबद्दल विचारल्यावर बाई गप्प राहिली, तर ‘मारहाण नाही’ असे लिहिणे हा त्या बाईवर अन्यायच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, एकांतातच विचारतात, ते यासाठी.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांच्या 1976 च्या निबंधापासून उत्तर का गळले याला महत्त्व आले. गळती कधी निव्वळ योगायोगाने होते, कधी वय-शिक्षणासारख्या नोंदवलेल्या गोष्टींमुळे. सर्वांत अवघड प्रकार तिसरा: उत्पन्न मोठे आहे म्हणूनच ते सांगितले जात नाही. दुसरा प्रकार की तिसरा, हे हाती आलेल्या माहितीवरून ठरत नाही. तेथे गृहीतच धरावे लागते. कोऱ्या जागी सरासरी भरली की माणसामाणसांतला फरक पुसला जातो. रुबिन यांच्या पद्धतीत अनेक संभाव्य मूल्ये भरतात, त्यामुळे अनिश्चितता निष्कर्षात उतरते. तरीही मूळ गृहीत बदलून निष्कर्ष किती हलतो, हे पाहावेच लागते.

भरलेले मूल्य हे अनुमान असते, उत्तर देणाऱ्याचा शब्द नव्हे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख लोकांचा धर्म ‘नमूद नाही’ असा आहे. त्यात नकार किती आणि नोंदीतली हयगय किती, हे आकडा सांगत नाही. हे लोक इतर धर्मांत प्रमाणाने वाटून समूहाचा अंदाज बांधता येईल, पण त्यांतल्या एकाही व्यक्तीचा धर्म त्यातून ठरत नाही. म्हणून मूळ नोंदीत रकाना कोराच ठेवावा आणि भरलेले मूल्य वेगळी खूण करून जपावे.