पडक्या भिंती आणि जिवंत मंडळी



वसईच्या किल्ल्यात जाणाऱ्याच्या दृष्टीस छप्पर नसलेली कित्येक जुनी उपासनामंदिरे पडतात. गुजराथच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन इत्यादी संघांनी तेथे भव्य मंदिरे बांधली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला व पोर्तुगीज निघून गेले. संत योसेफाच्या मंदिराचा मनोरा अद्याप उभा आहे. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत. परंतु त्यांवरील पोर्तुगीज अक्षरे वाचणारा आता विरळाच.

तर मग तेथील ख्रिस्ती मंडळी लयास गेली काय? नाही. मानाच्या शिळा सरदारांस मिळाल्या, पण विश्वास टिकला तो किल्ल्याबाहेरच्या वाड्यांतून, केळी व पानवेली लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी. त्यांची लेकरे आजही सामवेदी व वाडवळी बोलतात. त्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी बायबल सुबोध मराठीत आणले. शिळेवरचे अक्षर मुके झाले, घरातले वचन बोलत राहिले. त्यांचा पंथ आपला नव्हे, तरी हा धडा आपला आहे.

परंतु यावरून कोणी असे म्हणू नये की, भिंती व थडगी यांची काळजी नको. आपल्या पूर्वजांच्या कबरांचे नगर ओसाड पडल्याचे ऐकून नहेम्या रडला, त्याने उपास केला. पण तो रडतच बसला नाही. त्याने राजाजवळ रजा मागितली, लाकूड मागितले, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा कोट स्वतः बांधला.

आपल्याही खेड्यांत कोठे मंदिराची कौले उडाली आहेत, कोठे कबरस्तानात गुरे चरत आहेत. ते पाहून आपण मिशनकडे बोट दाखवितो. पण ज्यांनी गावाचा बहिष्कार सोसून आपणांस विश्वास दिला, ते आपलेच आजे-पणजे तेथे निजले आहेत. तेव्हा या पावसाळ्यानंतर प्रत्येक मंडळीने तीन कामे करावी: काटेरी झुडपे तोडून कुंपण घालावे, वृद्धांस विचारून मृतांची नावे वहीत लिहावी, आणि ती नावे मुलांस सांगून घरोघर सायंप्रार्थना पुन्हा सुरू करावी. पहिली दोन केली व तिसरे राहिले, तर आपण केवळ दगडांचे राखणदार ठरू.

ज्यांची नावे आपण विसरलो, त्यांची प्रभूस आठवण आहे. त्याच्या आगमनाच्या दिवशी ते उठतील, तेव्हा त्यांच्या घरचा दिवा विझलेला नसावा.