कारण आणि समर्थन

१० ऑगस्ट १९८६ रोजी पुणे येथे माजी सेनाप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. ते स्वतः मोटार चालवीत होते व पत्नी शेजारी बसल्या होत्या. पुढे अभियोग चालला, तेव्हा दोघा आरोपींनी हत्या केल्याचे न्यायालयात मान्य केले. अपराध मात्र मान्य केला नाही. जून १९८४ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात सैन्य शिरले तेव्हा वैद्य सेनाप्रमुख होते, एवढे कारण त्यांस पुरेसे वाटले. कृत्य कबूल आणि दोष नाकबूल! कारण सांगितले म्हणजे दोष फिटतो काय, हा प्रश्न येथे मूर्तिमंत उभा राहतो. पंजाबात जयकृष्णी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली असल्याने हा प्रश्न पंथाला परकाही नाही.

पंजाबच्या दुःखाला कारणे होती, हे नाकारणे सत्याला धरून होणार नाही. १९६६ च्या पुनर्रचनेत चंदीगड पंजाबला मिळाले नाही. ते केंद्रशासित होऊन दोन राज्यांची सामाईक राजधानी झाले. रावी-बियासच्या पाण्याचा तंटा तसाच राहिला. १३ एप्रिल १९७८ च्या वैशाखीस अमृतसरला निरंकाऱ्यांशी झालेल्या संघर्षात तेरा शीख मारले गेले, आणि १९८० साली त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. राजकीय पक्षांनी आपापल्या स्वार्थासाठी या असंतोषाला फुंकर घातली, ते वेगळेच. असे असता ५ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री ढिलवाँजवळ बस थांबवून, त्यातील हिंदू प्रवासी निवडून, सहा जणांस ठार करण्यात आले. त्या सहांपैकी कोणी चंदीगड अडवून धरले होते? कोणी पाणी वळविले होते?

त्या काळी वृत्तपत्रांतून अशा मारेकऱ्यांस ‘अतिरेकी’ म्हणण्याचा प्रघात होता. शब्द फसवा आहे. अतिरेक हा योग्य गोष्टीचाही होतो. त्यामुळे मार्ग बरोबर होता, माणूस थोडा पुढे गेला, एवढाच बोध त्यातून होतो. निःशस्त्राला मारणे ही कोणत्याही मार्गावरील पुढची पायरी नव्हे.

येथे अशी शंका येते की, अन्यायाने पेटलेल्या जीवाला दुसरी गतीच उरली नसेल, तर दोष त्याचा कसा? समाधान असे की, कारणाने कार्य अटळ होत असते, तर तेच दुःख भोगणाऱ्या लक्षावधी जनांच्या हाती शस्त्र दिसले असते. ते दिसले नाही. संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी त्याच मागण्यांसाठी मोर्चा चालविला आणि कारावास सोसला. २४ जुलै १९८५ रोजी त्यांनी पंतप्रधान राजीव गांधी यांच्याशी करार केला, आणि २० ऑगस्टला शेरपूरच्या गुरुद्वारात त्यांनाच गोळ्या घालण्यात आल्या. कारण आणि कृती यांच्यामध्ये जीवाचा स्वतःचा निश्चय असतो. दोष लागतो तो त्या निश्चयाला.

उलट पक्षाचेही तपासले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच रक्षकांनी हत्या केली, आणि पुढील दिवसांत एकट्या दिल्लीत शासकीय गणनेप्रमाणे २७३३ शीख मारले गेले. त्या जमावापाशीही ‘कारण’ होतेच! जो एका ठिकाणी कारणाला समर्थन मानील, त्याला ते दुसऱ्या ठिकाणीही मानावे लागेल. मग निर्दोष असा मारेकरी नाही कोण? त्या हत्याकांडातील एका माजी खासदारास उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये, चौतीस वर्षांनी. हा विलंब शासनाचा दोष खराच. परंतु दोष ही वाटून घेण्याची वस्तू नव्हे. राज्यकर्त्यांचे माप भरले म्हणून मारेकऱ्याचे रिते होत नाही. ज्याचे कर्म त्यालाच.

तर मग कारणे शोधायचीच कशाला, असे काही सज्जन त्राग्याने विचारतात. त्यांचा त्रागा समजण्याजोगा आहे, कारण शोकाच्या घरी मीमांसा कठोर वाटते. तरीही लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा येथे पाहण्यासारखी आहे. पारध्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. मागोमाग आलेल्या पारध्यांनी तो मागितला आणि कारणही सांगितले: सशावर होड लागली आहे, तो न मिळाल्यास आपसांत सुऱ्या निघतील. कारण खोटे नव्हते. सर्वज्ञांनी ते ऐकून घेतले, पारध्यांस हाकलून लाविले नाही. आणि ससाही दिला नाही. गवत खाऊन रानात राहणाऱ्या निरपराध जीवाने कोणाचे काय केले, ही विचारणा मात्र त्यांस केली. त्या संवादाअंती पारध्यांनी हिंसा सोडण्याचे वचन दिले, आणि ते गेल्यावर सर्वज्ञांनी सशाला मोकळे केले.