निर्जरेचा हिशेब

आत आलेले आणि चिकटून बसलेले काही केवळ काळ लोटल्यामुळे सुटते, की ते सोडवणारी शक्ती वेगळीच असून काळ हा तिचा नुसता साक्षी असतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी कर्माच्या संदर्भात हाताळला आणि विसाव्या शतकातील औषधशास्त्राने तो आपल्या परीने औषधाच्या संदर्भात हाताळला. प्रारब्ध भोगूनच संपते असे वेदान्त सांगतो. जैन दर्शन त्यापुढे जाऊन ते कोणत्या क्रमाने आणि किती किती संपते याचे कोष्टकच मांडते. याचे कारण त्या दर्शनाच्या मूळ भूमिकेत आहे. जैनांच्या मते कर्म हा संस्कार किंवा अदृष्ट गुण नसून पुद्गल, म्हणजे जड द्रव्यच आहे; क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे जीवाला त्याचे सूक्ष्म कण चिकटतात, त्याला बंध म्हणतात, आणि ते कण झडून जातात, त्याला निर्जरा म्हणतात. द्रव्य म्हटले की त्याची मोजदाद ओघानेच आली.

औषधाच्या मोजदादीच्या शास्त्राला फार्माकोकायनेटिक्स हे नाव १९५३ साली फ्रीडरिश हार्टमुट डोस्ट या जर्मन बालरोगतज्ज्ञाने दिले. या शास्त्राचे पहिले निरीक्षण असे की बहुतेक औषधे दर तासाला ठरावीक मात्रेने बाहेर पडत नाहीत, तर जेवढा साठा उरला असेल त्याच्या ठरावीक हिश्श्याने बाहेर पडतात, आणि म्हणून साठा निम्मा होण्यास लागणारा वेळ, म्हणजे अर्धायुकाल, दर टप्प्याला तेवढाच राहतो. निरोगी प्रौढ माणसात पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल दोन ते तीन तासांचा असतो, तर अमिओडॅरोन या हृदयाच्या औषधाचा कित्येक आठवड्यांचा. (मद्य हा ठळक अपवाद आहे, ते एका पातळीनंतर जवळजवळ ठरावीक वेगानेच जळते, त्यामुळे त्याला खऱ्या अर्थाने अर्धायुकालच नाही.) पाच अर्धायुकालांनंतर सुमारे ३ टक्के औषध उरते आणि वैद्यकीय व्यवहारात ते गेले असे धरले जाते.

अर्धायुकालाचा आकडा ऐकताच औषध जणू घड्याळाच्या हुकमाने जाते असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. औषध घालवणारे यकृत आणि मूत्रपिंड असतात. दर मिनिटाला ते किती मिलिलिटर रक्तद्रव त्या औषधापासून पूर्ण मोकळा करतात, या मापाला क्लिअरन्स म्हणतात. अर्धायुकाल हा क्लिअरन्स आणि औषधाचा शरीरातील पसारा या दोहोंतून निघणारा परिणाम आहे: पसाऱ्याला क्लिअरन्सने भागून ०.६९३ने गुणले की तो मिळतो. डायझेपाम या झोपेच्या व चिंतेवरच्या औषधाविषयी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशीतील माणसात त्याचा अर्धायुकाल सुमारे २० तास आणि ऐंशीतील माणसात सुमारे ९० तास आढळला, तरी क्लिअरन्समध्ये वयानुसार फरक दिसला नाही. यकृत थकलेले नव्हते. औषध शरीरात अधिक दूरवर मुरत होते, त्यामुळे यकृतापर्यंत ते थोडे थोडेच पोहोचत होते.

दहाव्या शतकात गंग राज्याचा सेनापती चामुंडराय याच्यासाठी नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी रचलेल्या ‘गोम्मटसार’ ग्रंथाच्या कर्मकांडात आणि त्यावरील टीकांच्या परंपरेत निर्जरेचा जो हिशेब येतो, तो या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. समजावण्यासाठी घेतलेल्या कल्पित आकड्यांत, म्हणजे अंकसंदृष्टीत, एका समयात ६,३०० कण बांधले गेले आणि त्यांची मुदत ४८ समयांची आहे असे धरतात. समय हा काळाचा अविभाज्य अंश होय. पहिल्या समयात ५१२ कण झडतात, दुसऱ्यात ४८०, असे ३२-३२ने कमी होत आठव्यात २८८. पुढच्या आठांची सुरुवात २५६ने, म्हणजे पहिल्याच्या निम्म्याने होते आणि उतरणही निम्मी, १६ची होते. आठ-आठ समयांच्या सहा टप्प्यांत अनुक्रमे ३,२००, १,६००, ८००, ४००, २०० आणि १०० कण जातात. ज्या टप्प्यात झडण्याचे प्रमाण निम्मे होते त्याला गुणहानी अशी संज्ञा आहे, आणि अर्धायुकालाशी तिचे साम्य उघड आहे.

साम्य इथेच थांबत नाही. जीव दर समयाला नवा बंध करत राहिला, तर जुने झडत असताना नवे येत राहते आणि साठा एका पातळीवर स्थिरावतो. वरील उदाहरणात ही बेरीज ७१,३०४ येते, आणि गोम्मटसाराचा नियम असा की साठा हा दीड गुणहानीने गुणलेल्या एका समयाच्या बंधापेक्षा किंचित कमी असतो. रोज गोळी घेणाऱ्या रुग्णातही चार-पाच अर्धायुकालांनंतर असाच स्थिर साठा तयार होतो, आणि तो सेवनाच्या दराला अर्धायुकालाच्या १.४४ पटीने गुणल्यावर मिळतो. यावरून प्राचीन आचार्यांना औषधशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. निम्म्या-निम्म्याने घटणाऱ्या साठ्याची बेरीज कोणीही केली तरी ती याच सुमारास येते. महत्त्वाचे हे की आचार्यांनी ती केली, आणि तिच्यामुळे एक तात्त्विक भेद अपरिहार्य झाला. मुदत भरल्यावर आपोआप होते ती सविपाक निर्जरा, आणि ती प्रत्येक जीवाची अखंड चालूच असते; पण आवक चालू असेपर्यंत तिच्याने साठा तसूभरही घटत नाही. म्हणूनच आवक थोपवणारा संवर आणि तपाने मुदतीआधी घडवलेली अविपाक निर्जरा यांवाचून मोक्ष नाही.

यात काळाला कर्तेपणा उरत नाही. श्वेताश्वतर उपनिषदाने जगाच्या कारणांची चर्चा करताना काळाचाही विचार केला आहे. दिगंबर जैन परंपरेत मात्र काळ हे द्रव्य खरे असले तरी ते उदासीन निमित्त आहे, म्हणजे बदलाला केवळ वाव देणारे. किती कण येणार आणि ते कोणत्या प्रकारचे असणार हे मन, वाणी व शरीर यांच्या हालचालीवर ठरते. ते किती काळ टिकणार आणि किती तीव्र फळ देणार हे कषायांवर. एकाच कृतीचा बंध दोन माणसांत वेगवेगळी मुदत घेऊन बसतो, तो याचमुळे.

तुलना जिथे मोडते ती जागाही लक्षणीय आहे. डायझेपामचा पसारा वाढला की त्याचा मुक्काम लांबतो, कारण शरीरात बाहेर पडण्याची दारे मोजकीच आहेत आणि औषधाला तिथवर यावे लागते. याउलट ज्या केवलीचे, म्हणजे सर्वज्ञ झालेल्या जीवाचे, आयुष्य अंतर्मुहूर्ताएवढेच, म्हणजे एका मुहूर्ताहून कमी, उरले आहे पण वेदनीय, नाम आणि गोत्र ही कर्मे त्याहून लांब मुदतीची शिल्लक आहेत, तो केवलिसमुद्घात करतो असे जैन ग्रंथ सांगतात: दंड, कपाट, प्रतर आणि लोकपूरण अशा चार समयांत आत्मप्रदेश संपूर्ण लोकभर पसरतात, पुढच्या चार समयांत परत देहाएवढे होतात, आणि तेवढ्यात त्या तिन्ही कर्मांची मुदत खाली येते. घडी घातलेल्या ओल्या वस्त्रापेक्षा पसरलेले वस्त्र लवकर वाळते, असा दृष्टांत त्यासाठी दिला जातो. इथे पसारा वाढल्याने निर्जरा वेगावते, कारण जीवाला कर्म बाहेर टाकणारा वेगळा अवयव नाही. ज्या प्रत्येक प्रदेशाला कर्म चिकटते, तिथूनच ते सुटते.